फाइल वाढवा

आमच्या पुण्याच्या ऑफिसात एक तक्रार अधूनमधून हमखास येते. सर्व्हरची डिस्क भरलेली असते. कुणीतरी मोठमोठ्या फायली डिलीट केलेल्या असतात, फोल्डरमध्ये त्या दिसतही नसतात आणि तरी जागा मोकळी झालेली नसते. नवीन आलेली मुलं चक्रावून जातात. मी त्यांना म्हणते, "कुणीतरी अजून ताटावर बसलंय. आधी ते कोण आहे ते बघा." मुलं माझ्या तोंडाकडे बघत राहतात. मग मी त्यांना तो प्रोग्रॅम शोधून दाखवते. तो प्रोग्रॅम त्या फायली उघडून बसलेला असतो आणि त्याला कुणी उठवलेलं नसतं.

हे ताटाचं बोलणं माझं नाही. ते लोहाऱ्याच्या बिराजदार सरांचं आहे.

सरांचा कॉम्प्युटर क्लास तहसीलच्या मागच्या गल्लीत होता. खाली शटरची खोली, वर त्यांचं राहतं घर आणि मधे एक चिंचोळा जिना. सर उंच आणि थोडे वाकलेले. कपाळावर विभूती, अंगात पांढरा हाफ शर्ट आणि खिशात पेनाच्या जागी एक लहान स्क्रू ड्रायव्हर. त्याच स्क्रू ड्रायव्हरनं ते मशीन उघडायचे, पडद्यावरची अक्षरं दाखवायचे आणि आजूबाजूला चमचा नसला तर चहाही ढवळायचे. वरून काकू बघत असल्या तर म्हणायच्या, "सर, जेवताना बी तोच घेत जावा."

काकू म्हणजे सरांच्या पत्नी. क्लासमध्ये त्या नवऱ्याला 'सर' म्हणायच्या, तेही आमच्यापेक्षा जास्त अदबीनं, म्हणजे चिडवायला. सर त्यांना 'मॅडम' म्हणायचे. काकूंचं नाव काय, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. सर बायकोचं नाव घेत नसत आणि काकू नवऱ्याचं. आमच्याकडे जुन्या माणसांत हे असतंच, पण या दोघांनी ते अगदी निष्ठेनं पाळलं होतं. एकदा गॅसवाल्यानं दारात विचारलं, "नाव काय मालकांचं?" काकू म्हणाल्या, "पाटीवर हाय की, वाचा." पाटीवर नुसतं 'शि. ब. बिराजदार' असं होतं. गॅसवाला म्हणाला, "शि म्हणजे?" काकूंनी जिन्यावरून मलाच हाक मारली, "ए जेवळी, सांग गं यांना."

जेवळी हे माझं गाव. सर विद्यार्थ्यांनाही नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. ए अणदूर, ए लोहारा, ए जेवळी. एका गावची दोन पोरं असली तर थोरली जेवळी, धाकटी जेवळी. सर स्वतः सास्तूरचे होते, त्यामुळे सास्तूरच्या पोराला मात्र 'काय गाववाले' अशी हाक असायची. मला आधी वाटायचं, सरांना नावं लक्षात राहत नसतील. पण तसं नव्हतं. नाव ही वस्तू त्यांच्या लेखी जपून वापरायची होती.

माझे वडील मला पहिल्या दिवशी सोडायला आले होते. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मीच पहिली. वडिलांनी दारातच, चप्पल न काढता विचारलं, "सर, ह्यानं नोकरी लागती का?"

सर म्हणाले, "नोकरी म्या कुठनं देऊ, पाहुणं? म्या भ्या घालवतो. नोकरी तिची ती बघंल." आणि त्यांनी माझ्यासमोर एक जुनं मशीन उघडून ठेवलं. "ह्यात हात घाल. चावणारं काय न्हाय ह्यात." वडिलांनीही चप्पल काढून, आत येऊन, एका बोटानं त्या हिरव्या पट्टीला हात लावून बघितला. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं, ते मी माझ्या पदवीच्या दिवशीही पाहिलं नाही.

सर 'बंद कर' म्हणत नसत. दिवा शांत करायचा, दुकान वाढवायचं, नारळ वाढवायचा, काकणं वाढवायची. जे संपवायचं त्याला वाढवणं म्हणायचं, ही आपली जुनी रीत. सरांनी ती कॉम्प्युटरला लावली होती. "फाइल वाढव" म्हणजे फाइल बंद कर. जुन्या पोरांना त्याची सवय होती. पण अणदूरचा एक मुलगा, जो लोहाऱ्यात मामाकडे राहायला होता, तो पहिल्याच आठवड्यात या शब्दात अडकला. तास संपला, सर म्हणाले, "अणदूर, फाइल वाढव." त्यानं अक्षरं मोठी केली. सर म्हणाले, "वाढव की रं." त्यानं आणखी मोठी केली. शेवटी पडद्यावर एकटा 'म' उरला, तोही अर्धा, आणि अणदूर घामाघूम होऊन म्हणाला, "सर, ह्याच्यापुढं वाढत न्हाय."

सर त्याच्याजवळ गेले, बराच वेळ त्या अर्ध्या 'म'कडे बघत राहिले आणि शांतपणे म्हणाले, "तुझा मामा सांजच्याला दुकान वाढवतो, तवा काय वर मजला चढवतो व्हय?" काकू जिन्यात बसून पदरानं डोळे पुसत होत्या. पुढं कित्येक दिवस त्या अणदूरला बघितलं की विचारायच्या, "काय, म कसा हाय?"

क्लासमध्ये अर्ध्या मशीनवर विंडोज होतं. जी मशीनं फार जुनी, विंडोज ज्यांना झेपत नव्हतं, त्यांवर सरांनी लिनक्स ही हलकी, फुकटची सिस्टिम घातली होती. त्यामुळं आम्हाला दोन्ही शिकायला मिळालं. एके दिवशी सरांनी दोन्ही मशीनवर एकच काम करून दाखवलं. विंडोजवर वर्डमध्ये एक पत्र उघडलं आणि ते उघडं असतानाच फोल्डरमध्ये जाऊन डिलीट करायला गेले. विंडोजनं नकार दिला: फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे. मग लिनक्सवर एक गाणं लावलं आणि ते वाजत असतानाच त्याची फाइल उडवली. लिनक्सनं हू का चू केलं नाही. फोल्डरमधून नाव गेलं आणि गाणं मात्र वाजतच राहिलं.

"आता बघा," सर म्हणाले, "दोन लग्नं हायत. दोन्हीकडं पंगत बसलीय. ह्या विंडोजच्या घरचा यजमान म्हणतो, माणूस ताटावर हाय, पत्रावळ उचलायची न्हाय. आधी त्याला उठू द्या. आणि तिकडचा यजमान काय करतो, मांडवाच्या दाराला पडदा लावतो. भायेरनं बघितलं तर वाटतंय, जेवणं उरकली. नवा माणूस आत जाऊ शकत न्हाय. पण आत जो बसलाय त्याला कुणी उठवत न्हाय. त्यो पोटभर जेवतो. शेवटचा माणूस उठला की मग मांडव सोडायचा. तवर जागा रिकामी व्हत न्हाय."

लोहाऱ्याची सलमा होती, तिनं विचारलं, "पण सर, नोटपॅडमध्ये उघडलेली फाइल तर विंडोजवर पण डिलीट होते."

"नोटपॅड डबा भरून घेऊन घरी जातंय. ताट तिथंच सोडून. मग उचलायला काय हरकत?"

जिन्यातून काकू म्हणाल्या, "आणि सर, तुमच्या त्या दुसऱ्या मांडवात हात धुवायला म्हणून कुणी उठला तर?"

"मग संपलं, मॅडम. एकदा उठला की त्याला परत आत घेत न्हाईत."

"मग लई वंगाळ घर हाय ते," काकू म्हणाल्या आणि वर निघून गेल्या. आम्ही हसलो. सर हसले नाहीत. त्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी सास्तूरचा विषय काढला. तसा तो ते कधी काढत नसत. म्हणाले, "आमच्या गावाचं उलटं झालं. भूकंपानंतर गाव दुसरीकडं बसलं. नाव तेच ऱ्हायलं, गाव गेलं. माझा बा मरेपर्यंत जुन्या गावठाणात जाऊन बसायचा. तिथं काय बी न्हाय. म्या इचारायचो, कुणाला भेटला? तर म्हणायचा, सगळ्यांना." मग चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "चला, कुणाचं काय अडलंय?"

काकूंचं काम तास संपल्याचं सांगायचं. प्रत्येक तासाला त्या जिना उतरून यायच्या, दारात उभं राहून म्हणायच्या, "लेकरांनो, वेळ झाली." पुढं त्यांचे गुडघे धरायला लागले. तेव्हा सरांनी त्यांना हेडफोनच्या माइकसमोर बसवलं आणि आवाज रेकॉर्ड केला. त्यात काकू म्हणतात, "लेकरांनो, वेळ झाली. आधी सेव्ह करा, मग फाइल वाढवा. जाताना चपला आपापल्या घाला." मग मागं कुकरची शिट्टी होते. आणि मग काकूंना वाटतं की रेकॉर्डिंग थांबलं, म्हणून त्या वेगळ्याच, मऊ आवाजात विचारतात, "झालं का ओ? बास?"

काकूंनी ऐकलं आणि त्या लाजल्या. "ते शेवटचं काढून टाका. पोरं हसतील." सर म्हणाले, "ही नुसती टेस्ट हाय, मॅडम. उद्या नीट करू." तो उद्या कधी आला नाही. दारातल्या लिनक्सच्या मशीनवर सरांनी तीच फाइल लावून दिली. सकाळी मशीन चालू झालं की एक छोटा प्रोग्रॅम ती फाइल उघडून बसायचा. तास भरला की वाजवायचा, पुन्हा सुरुवातीला जाऊन थांबायचा. दर तासाला काकू जिना न उतरता दारात येऊन जायच्या. आणि पोरं खरंच त्या शेवटच्या 'बास'पर्यंत थांबायची, मगच चपला शोधायची.

काकू गेल्या त्या थंडीत. दुखणं छातीचं होतं, सोलापूरला नेईपर्यंतही वेळ मिळाला नाही. आम्ही सगळे मातीला गेलो होतो. त्यानंतर बरेच दिवस शटर खाली होतं.

क्लास पुन्हा उघडला त्या दिवशी सर नेहमीच्या वेळी खाली आले. दाढी वाढलेली, खिशात स्क्रू ड्रायव्हर. तास भरला आणि दारातून आवाज आला, "लेकरांनो, वेळ झाली." आमच्यापैकी कुणालाही हलता येईना. कुकरची शिट्टी झाली. "झालं का ओ? बास?" सर पाठमोरे होते. तसेच म्हणाले, "ऐकलं न्हाय का? सेव्ह करा. वाढवा."

त्यानंतर उन्हाळ्यात एक दुपार आली. जादा बॅचला आम्ही तिघंच होतो: सलमा, अणदूर आणि मी. काकूंचा आवाज नुकताच वाजून गेला होता. सरांची मुलगी लातूरला असते. तिनं आदल्या दिवशी फोनवर आईचा आवाज मागितला होता. म्हणून सर पेन ड्राइव्ह घेऊन दारातल्या मशीनवर बसले. त्यांनी एक फोल्डर उघडलं, दुसरं उघडलं, पुन्हा पहिलं उघडलं. मग हात मांडीवर ठेवून नुसते बसले.

"सर, काय झालं?" सलमानं विचारलं.

"म्याच काढली," सर म्हणाले. "सकाळी जागा करत व्हतो. जिथं जिथं टेस्ट लिहिलेलं व्हतं, ते समदं काढलं. तिचंबी नाव टेस्टच ठेवलं व्हतं म्या." ते मशीनकडे बघत होते. "विंडोज असतं तर अडवलं असतं गं. म्हणालं असतं, माणूस बसलाय."

दुसरी प्रत कुठंही नव्हती. आम्हाला रोज दोन ठिकाणी सेव्ह करायला लावणाऱ्या सरांनी ती केली नव्हती. का केली नसेल, ते मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, जी व्यक्ती रोज जिन्यात बसलेली असते, तिची प्रत कोण करून ठेवतं?

अणदूर हळूच म्हणाला, "पण सर, आत्ता तर वाजली."

सरांनी मान वर केली. "व्हय," ते म्हणाले. "आत्ता वाजली." आणि उठून उभे राहिले. "मशीनला कुणी हात लावू नका. प्रोग्रॅम अजून धरून बसलाय तिला. मशीन बंद पडलं की संपलं."

हे त्यांचं बोलणं पुरं होतं न होतं तोच पंखा थांबला. दुपारची लाइट गेली होती. यूपीएस बीप बीप करायला लागला. तो यूपीएस किती जुना होता हे आम्हाला माहीत होतं. मशीनं नीट वाढवण्यापुरताच तो टिकायचा, कधी तेवढाही नाही. मी धावत जाऊन त्याची वायर धरून उभी राहिले. त्याचा काही उपयोग नव्हता, पण दुसरं काय करावं हे मला सुचलं नाही.

सरांनी कीबोर्डवर हात ठेवला आणि परत उचलला. ते बाजूला झाले. "लोहारा, तू बस. तुझा हात लवकर चालतो. म्या सांगतो तसं घाल." आणि आश्चर्य म्हणजे त्यांचा आवाज अगदी रोजच्या शिकवण्याचा होता. "आधी त्या प्रोग्रॅमचा नंबर काढ. निघाला? आता त्याच्या हातात काय काय धरलेलं हाय, ते बघ."

पडद्यावर काही ओळी आल्या. सलमा म्हणाली, "आहे सर. पण फाइलच्या नावापुढं डिलीटेड लिहिलंय."

"लिहू दे. त्यानं सोडलं न्हाय अजून. तिथनं कॉपी घे."

सलमानं टाइप केलं. थांबली. "सर, नवीन फाइलला नाव काय देऊ?"

यूपीएसचे बीप भराभर यायला लागले.

"परत टेस्टच देऊ?"

"न्हाय. टेस्ट नको."

"काकू घाल की," अणदूर म्हणाला.

"काकू तुमची," सर म्हणाले.

कुठलंही नाव चाललं असतं. एक अक्षर चाललं असतं, नुसता 'म' चालला असता. सरांना ते आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. पण ते दाराच्या चौकटीला हात लावून उभे होते आणि त्यांच्या ओठांची हालचाल होत होती. मला एकदम काकूंचं एक बोलणं आठवलं. त्या सांगायच्या, "लग्नात एकदाच नाव घेतलंय सरांनी माझं. बायकांनी दार अडवलं व्हतं म्हणून. घेतल्याबिगर आत सोडंनात. उखाण्यात दडवून घेतलं, आणि पुन्यांदा कधी न्हाय."

"महानंदा," सर म्हणाले.

बीपच्या आवाजात सलमाला ते नीट ऐकू गेलं नाही. "काय सर?"

"महानंदा." आता ते मोठ्यानं म्हणाले. गल्लीतून जाणाऱ्या माणसानंही ऐकलं असेल. "महानंदा. घाल."

"इंग्रजीत घालायचंय सर, शेवटी एक ए का दोन?"

"घाल गं माय कसंबी, पर घाल."

सलमानं एंटर दाबलं. मग सरांनी यादी दाखवायला लावली. त्या काळ्या पडद्यावर, इतर फायलींच्या खाली, ते नाव होतं.

"वाच," सर म्हणाले.

"महानंदा," सलमानं वाचलं.

"झालं सेव्ह. आता वाढव."

तिनं मशीन नीट बंद केलं. नंतर थोड्या वेळानं यूपीएसही गप्प झाला. त्या अंधाऱ्या, गरम खोलीत लाइट येईपर्यंत आम्ही चौघं बसून राहिलो. लाइट आल्यावर सरांनी स्वतः फाइल लावली. कुकरच्या शिट्टीसकट, बासपर्यंत सगळं होतं. सरांनी खिशातून रुमाल काढला आणि मशीनचा पडदा पुसला.

पुढं मी पदवीधर झाले, पुण्याला लागले. पहिल्या नोकरीचे पेढे घेऊन लोहाऱ्याला गेले. संध्याकाळची वेळ होती. क्लासमध्ये कुणी नव्हतं. आता पोरं मोबाइलवर शिकतात, क्लासला नुसती ऑनलाइन फॉर्म भरायला येतात, असं सर म्हणाले. ते बरेच वाळले होते. मुलगी लातूरला बोलावत होती आणि ते "बघू" म्हणत होते. पेढा त्यांनी आधी दारातल्या मशीनवर ठेवला, मग अर्धा स्वतः खाल्ला.

"ए जेवळी, तुमच्याकडं कुठलं असतंय? अडवणारं का सोडणारं?"

"सोडणारं, सर. सगळं लिनक्सच."

"बरं हाय," ते म्हणाले. "पर काढायच्या आधी बघत जा. कोण बसलंय ते बघत जा."

माझी बसची वेळ झाली. सर म्हणाले, "चल, म्याबी दुकान वाढवतो. स्टँडापतूर येतो." आम्ही बाहेर आलो. त्यांनी शटर ओढलं, वाकून कडी घातली आणि कुलूप हातात घेतलं. मी म्हणाले, "सर, दारातलं मशीन चालूच राहिलं."

"चालूच असतंय ते," सर म्हणाले.

तेवढ्यात तास भरला. शटरच्या आतून, पत्र्यामुळं थोडा दबलेला, आवाज आला. "लेकरांनो, वेळ झाली. आधी सेव्ह करा, मग फाइल वाढवा." सर उघडं कुलूप हातात धरून तसेच थांबले. गल्लीतून एक मोटारसायकल गेली तेव्हा त्यांनी कान पत्र्याजवळ नेला. चपलांचं झालं. शिट्टी झाली. "झालं का ओ? बास?"

"बास," सर म्हणाले, आणि मग त्यांनी कुलूप लावलं.

ती आमची शेवटची भेट. बस वळली तेव्हा ते स्टँडच्या कट्ट्यापाशी उभे होते, खिशाला तो स्क्रू ड्रायव्हर, आणि जाणाऱ्या प्रत्येक पोराला त्याच्या गावाच्या नावानं हाक मारत होते.